पुस्तकातला कुत्रा आणि वाड्यावरचा कुत्रा

गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेत मी सातवीच्या मुलांना 'आमचा कुत्रा' हा निबंध घातला होता. एकेचाळीस उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या आणि थोड्याच वेळात जांभया येऊ लागल्या. कारण चाळीस निबंधांचे पहिले वाक्य एकच होते : 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे.' मुलांचा तरी काय दोष? हे वाक्य त्यांना मीच शिकवले होते, आणि मला माझ्या गुरुजींनी.

एक्केचाळिसावा निबंध एका धनगराच्या मुलाचा होता. त्यात इमान हा शब्दच नव्हता. त्याने लिहिले होते, ते शुद्धलेखन सुधारून सांगतो : आमचा कुत्रा रात्री तीन तऱ्हांनी भुंकतो. वाटसरू आला तर थांबून थांबून भुंकतो. लांडगा आला तर एकसारखा भुंकतो आणि मेंढरांभोवती फिरतो. लांबचे कुत्रे भुंकले म्हणून भुंकतो, तेव्हा जागचा उठत नाही. पहिल्या भुंकण्याला आजा कूस बदलतो, दुसऱ्याला काठी घेऊन उठतो, तिसऱ्याला शिवी देतो.

मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि तांबड्या शाईने शेरा मारला : 'कुत्र्याचे गुण लिहिले नाहीत.' त्या शेऱ्याची मला आज लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत कुत्र्याविषयी बोलायचे म्हटले की तोंडात तुच्छताच येते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. एखाद्याची दैना सांगायची तर त्याचे हाल कुत्रा खाणार नाही. मरणसुद्धा वाईट यायचे ते कुत्र्याचे. पण हीच भाषा कुत्र्याशी बोलू लागते तेव्हा किती वेगळी होते! 'यू यू' म्हणजे ये, 'छू' म्हणजे धाव, 'हाड' म्हणजे नीघ. हे तीन शब्द परभणीत चालतात तसे कोल्हापुरातही चालतात. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना फारशी जागा नाही. तरी माणूस आणि कुत्रा ह्या दोघांनाही समजणारी मराठी ती एवढीच. अलीकडे शहरातल्या घरांतून तीही उठली. घरात सगळे मराठी बोलतात, कुत्र्याला मात्र 'सिट' आणि 'कम हिअर' सांगतात. पाळलेल्या जनावरांच्या ह्या कौतुकाची पु. ल. देशपांडे यांनी 'हसवणूक'मधल्या 'पाळीव प्राणी' ह्या लेखात जी गंमत केली आहे, ती अनेक घरांत मोठ्याने वाचली गेली असेल.

आणि भुंकण्याचे शब्द पाहा. कुत्रा भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो, वसकन अंगावर येतो, अवेळी हेल काढून रडतो. एवढे शब्द ज्या लोकांनी केले त्यांनी कुत्र्याचे बोलणे कान देऊन ऐकले असले पाहिजे. आपले अगदी लहान मूल तर कुत्र्याला कुत्रा म्हणतच नाही, 'भू भू' म्हणते. म्हणजे तो जे बोलतो तेच त्याचे नाव! पुढे ते मूल शाळेत येते आणि आम्ही मास्तर मंडळी त्याला 'इमानी प्राणी' शिकवतो.

वाङ्मयातही असेच झाले आहे, असे मला वाटते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'इसपनीतिकथा' मराठीत आणल्या. इसापाचा कुत्रा पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भुंकतो आणि तोंडातला तुकडा गमावतो. तो लोभाचा धडा झाला. पुढे वाघ्या आला. राम गणेश गडकऱ्यांनी आपले 'राजसंन्यास' नाटक ह्या वाघ्याला अर्पण केले. १९१९ साली गडकरी गेले आणि नाटक अपुरेच राहिले. १९३६ साली रायगडावर छत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्याचा पुतळा उभा राहिला. समकालीन साधनांत ह्या कुत्र्याला आधार नाही असा इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. २०१२ साली तो पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते की वाघ्याच्या तोंडी कोणाचाच आवाज नाही. आपल्याला निष्ठा सांगायची होती, त्यासाठी आपण एक कुत्रा घेतला. इसापाला लोभ सांगायचा होता, त्यानेही घेतला. धडा वेगळा असला तरी कुत्रा दोन्हीकडे मुकाच आहे.

मग कुत्र्याचे ऐकले कोणी? त्यासाठी फार मागे जावे लागते.

महाभारतातला कुत्रा म्हटला की आपल्याला स्वर्गाच्या वाटेवरचा धर्मराजाचा कुत्रा आठवतो. त्याला टाकून मी रथात बसणार नाही, असे युधिष्ठिर इंद्राला सांगतो. प्रसंग थोर आहे यात शंका नाही. पण हा धडा शिकवताना वर्गातले एखादे पोर हटकून विचारते, "गुरुजी, मग कुत्र्याचं काय झालं?" तो कुत्रा नव्हताच, साक्षात धर्म होता, असे मी सांगतो, आणि पोराचा चेहरा उतरतो. मला ते पोर खरे टीकाकार वाटते. त्याला धर्म नको होता, कुत्रा हवा होता.

त्याच महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, दुसरा कुत्रा आहे. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. जनमेजय आणि त्याचे तीन भाऊ कुरुक्षेत्रावर सत्र करीत असताना सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिलू तेथे आले. भावांनी त्याला मारले. पिलू रडत आईकडे गेले. तूच काही आगळीक केली असशील, असे सरमा आधी आपल्या लेकरालाच म्हणाली. कोणतीही शहाणी आई हेच म्हणेल. पिलाने सांगितले, मी काही केले नाही, आहुतीच्या द्रव्याकडे पाहिले नाही की ते चाटले नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने साधा प्रश्न विचारला : ह्याने अपराध केला नसता तुम्ही ह्याला का मारले? त्या मोठमोठ्या राजपुत्रांना उत्तर देता आले नाही. ते गप्प राहिले. मग सरमेने शाप दिला की तुमच्यावर अकल्पित भय येईल.

एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारात व्यासांनी हा प्रसंग ठेवला आहे. कुत्री बोलते आणि माणसे मुकी होतात. सरमेच्या बोलण्यात इमानाचा उपदेश नाही, तक्रार आहे, आणि ती न्यायाची आहे. कुत्र्याला स्वतःची बाजू असू शकते हे मान्य करणारे इतके जुने आणि इतके स्वच्छ लेखन माझ्या वाचनात दुसरे नाही.

सरमेला जे उत्तर राजवाड्यातून मिळाले नाही, ते पुष्कळ शतकांनी आमच्या बाजूच्या एका माणसाने दिले, असे मी माझ्या मनाशी मानतो. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा जे नर्सी सांगते, ते १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यातच होते. त्यांची कुत्र्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. कीर्तनकार ही गोष्ट सर्वांभूती परमेश्वर पाहण्याची म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु गोष्ट म्हणून पाहिले तर तिच्यातला जीव तुपाच्या वाटीत आहे. सरमेच्या पिलाला आहुतीचे द्रव्य चाटल्याच्या नुसत्या संशयावरून मार बसला. नामदेव तूप घेऊन स्वतःच धावतात. कुत्र्याला भाकरी कोरडी लागेल हे ज्याच्या ध्यानात येते, त्याने कुत्र्याचे ऐकले आहे. तेथे कुत्र्याला माणसासारखे बोलावे लागत नाही.

अर्वाचीन कथाकारांत हे ज्यांना साधले त्यांच्यापैकी दोघांची नावे घेतो. प्रेमचंदांच्या 'पूस की रात' ह्या १९३० सालच्या हिंदी कथेत हल्कू हा गरीब शेतकरी पौषातल्या थंडीत शेत राखायला जबरा नावाच्या कुत्र्याबरोबर जातो. पांघरूण पुरत नाही म्हणून कुत्र्यालाच कुशीत घेतो. रात्री नीलगाई शेतात घुसतात. जबरा जीव तोडून भुंकतो. हल्कूला ते भुंकणे ऐकू येते, त्याचा अर्थही कळतो, पण थंडीने आणि दैन्याने खचलेल्या त्याला उठवत नाही. सकाळी पीक गेलेले असते. कुत्र्याने आपले बोलणे पुरते केले होते. दारिद्र्य माणसाला कोठवर नेते, हे प्रेमचंदांनी एका न उठण्यात दाखवले आहे.

दुसरा रशियाचा चेखव्ह. त्याची 'काश्तान्का' ही गोष्ट १८८७ सालची. सुताराची कुत्री हरवते, सर्कशीतल्या विदूषकाकडे राहते आणि शेवटी जुन्या घरी परत जाते. तिच्या लेखी माणसांच्या जाती दोनच, एक मालक आणि दुसरी गिऱ्हाइके. जुना मालक दारुडा, तिला छळणारा. नवा दयाळू. तरी ती जुन्याकडेच जाते. चेखव्ह ह्याला इमान म्हणत नाही. सरसाचा आणि रोगणाचा वास सांगतो आणि पुढचे वाचकावर सोडतो.

शास्त्रज्ञही आता ह्याच वाटेने गेले आहेत. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०१६ साली तेरा कुत्र्यांना यंत्रात स्वस्थ निजायला शिकवून, बोलणे ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडते ते पाहिले. शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा सूर दोन्ही जुळले, तेव्हाच कुत्र्याच्या मेंदूतला सुखाचा भाग जागा झाला. गोड सुरात भलताच शब्द उच्चारून भागले नाही, आणि कोरड्या सुरात शाबासकी देऊनही भागले नाही. हे वाचून मी चपापलो. शब्द एक आणि सूर दुसरा असले लेखन आम्ही लेखक माणसांपुढे सर्रास ठेवतो.

आता माझ्या स्वतःच्या लेखनाविषयी. माझ्या एका कादंबरीत कुत्रा आहे. धनी मरतो, कुत्रा अन्न सोडतो आणि शेवटच्या पानावर प्राण देतो. हे पान वाचून रडलो, अशी पत्रे मला आली आहेत आणि मी ती जपून ठेवली आहेत. तो धनगराचा मुलगा शाळेच्या पेटीतून ही कादंबरी घेऊन गेला आणि त्याने ती रोज रात्री आजाला वाचून दाखवली. खरिपाची रानं मोकळी झाली होती आणि खतासाठी त्यांची मेंढरे गावाजवळच्या एका शेतात बसवली होती. रविवारी मी त्यांच्या वाड्यावर गेलो. म्हाताऱ्याने घोंगडे अंथरले, चहा दिला. मी भीत भीत विचारले, "बाबा, पुस्तक कसं वाटलं?"

म्हातारा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चांगलं हाय, गुरुजी. पर तुमचं कुत्रं अख्ख्या पुस्तकात एकडाव भुकलं, अन् तेबी तुमाला पायजे तवा."

माझ्या कादंबरीवर आजवर चार परीक्षणे आली. हे पाचवे, आणि मला खरे वाटलेले पहिले. ज्या प्राण्याला मी सगळ्या पुस्तकात बोलू दिले नाही, त्याला शेवटी मरायला लावून मी वाचकांच्या डोळ्यांतून पाणी काढले. पुढे मला वाटू लागले की ही माझी खोड कुत्र्यापुरती नसावी. कादंबरीतली म्हातारी आई, शेतावरचा सालगडी, मुकी सून, ह्यांनाही मी मला हवे तेव्हाच बोलायला लावले आहे. जो बोलून दाखवू शकत नाही त्याचे लेखकाने किती ऐकले, ही मला आता वाङ्मयाची एक परीक्षा वाटते. त्या परीक्षेत मी नापास आणि माझा विद्यार्थी पास.

तो मुलगा आता आठवीत आहे. जुनी उत्तरपत्रिका काही हाती नाही. म्हणून परवा त्याला बोलावून सगळ्या वर्गासमोर सांगितले की त्या निबंधाला नऊ गुण द्यायला हवे होते, चूक माझी होती. दहावा गुण शुद्धलेखनाचा कापला, मास्तराने तेवढे करावेच लागते. तो लाजला आणि म्हणाला, "आजाला सांगतो, गुरुजी."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. नेपाळात ह्याच दिवसांत, लक्ष्मीपूजनाच्या आधी, कुकुर तिहार म्हणून कुत्र्यांचा सण असतो. त्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे त्याच सुमारास गल्लीतला कुत्रा फटाक्यांच्या आवाजाने कोणाच्या तरी बाजेखाली शिरून थरथरत असतो. आमच्याकडे दर वर्षी एक येतो. गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी त्याच्याजवळ खाली बसली. तो केकाटत नव्हता, पण कसलासा बारीक आवाज काढीत होता. तिने तो थोडा वेळ ऐकला आणि मला विचारले, "बाबा, ह्यानं काय केलंय?"

मी फटाक्यांची पिशवी उचलून कपाटात ठेवली. दुसरे उत्तर मला सुचले नाही.