‘नत्रसमृद्ध’ या विशेषणाविषयी

अधिरेण्वीय रसायनात ‘नत्रसमृद्ध’ हे विशेषण लिगंडाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून सर्रास वापरले जाते. ते आम्हांस ग्राह्य वाटत नाही. पिरोलमधील नत्राचे एकाकी इलेक्ट्रॉन-युग्म वलयाच्याच कामी गुंतलेले असते, पिरिडिनमधील मात्र धातूसाठी मोकळे. तेव्हा निव्वळ मोजदादीला अर्थ काय? नत्रांची तोंडे कोणीकडे आहेत, हे प्रबंधलेखक क्वचितच सांगतात. फुजितांनी १९९० साली रचलेल्या पॅलेडियमच्या चौकोनात प्रत्येक बाजूस बायपिरिडिनचे अवघे दोन नत्र आहेत. काटकोन येतो तो धातूमुळे. एथिलीनडायअमाइनने त्याच्या लगतच्या दोन जागा आधीच अडविलेल्या असतात. पुण्याच्या ‘आयसर’मधील बूमिशंकर यांच्या गटाचे पिंजरे याहून बोलके आहेत. तेथे फॉस्फरसभोवतीचे तीनच नत्र तीन पॅलेडियम धरून ठेवतात, आणि अशी चार त्रिके सहा दुव्यांनी जोडली की चतुष्फलक सिद्ध होतो.