दूरचा आवाज, जवळची हाक

अमेरिकेत ‘अर्बन रेडिओ’ म्हणजे मुख्यत्वे कृष्णवर्णीय श्रोत्यांची नभोवाणी. तिचा सकाळचा कार्यक्रम हा वस्तीचा चव्हाटाच असे. १९६३ साली बर्मिंगहॅममधील मुले वंशभेदाविरुद्ध मोर्च्याने निघाली, तेव्हा स्थानिक निवेदकांनी सांकेतिक शब्दांत त्यांना हाक दिली होती. तो संकेत त्या गावालाच उमगणारा होता.

टॉम जॉयनर हे १९८५ पासून काही वर्षे सकाळी डॅलसमध्ये आणि दुपारी शिकागोत निवेदन करीत. रोज विमानाने जात. १९९४ पासून त्यांचा सकाळचा कार्यक्रम उपग्रहाद्वारे अनेक शहरांत एकाच वेळी ऐकू येऊ लागला. त्याला केवळ करमणूक म्हणणे अन्यायाचे होईल. विनोद, गाणी व श्राव्य मालिका यांच्या जोडीला त्यात समाजाचे प्रश्नही होते. कृष्णवर्णीय माध्यमांना जाहिराती नाकारणाऱ्या ‘कॉम्पयूएसए’ कंपनीला १९९९ मध्ये त्यांच्या श्रोत्यांनी नमते घ्यायला लावले. एका शहराच्या निवेदकाला हे साधले नसते.

परंतु १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एकाच मालकाला देशभर कितीही केंद्रे घेण्याची मुभा मिळाली. मग स्थानिक निवेदक पोसण्यापेक्षा तयार कार्यक्रम घेणे सोयीचे ठरले. जॉयनर २०१९ मध्ये निवृत्त झाले. ती पद्धत मात्र उरली. विमान होते तोवर निवेदकाचे पाऊल दोन्ही शहरांत पडत होते. उपग्रहाने ती गरजच संपविली. समाजाला मोठा आवाज हवाच. पण गल्लीतल्या संकटाची वर्दी शेजाऱ्यानेच द्यावी लागते.