कोल्हा, डिक्सन आणि जमिनीखालची माणसं : सिगफ्रीड ससूनचं एक पुस्तक

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

पुण्यात ‘ससून’ म्हटलं की आपल्याला आधी हॉस्पिटल आठवतं, मुंबईकराला मासळीचा धक्का आठवतो. ज्यांच्या देणगीतून ते रुग्णालय उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. १८६४ साली ते पुण्यातच वारले, लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. सिगफ्रीड ससून हा त्यांचा पणतू. जन्म १८८६, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. वडिलांनी ज्यू धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्यांना दूर केलं. महायुद्धावरच्या कवितांमुळे सिगफ्रीड आपल्याला माहीत असतो, पण आज मी बोलणार आहे त्याच्या १९२८ सालच्या गद्य पुस्तकावर, ‘मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन’वर.

आठवणी म्हटलंय, पण हे सरळ आत्मचरित्र नाही. निवेदक आहे जॉर्ज शेर्स्टन. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत, ईव्हलिन आंटीने वाढवलेला एकटा मुलगा. प्रत्यक्षात सिगफ्रीडला आई होती, दोन भाऊ होते, त्यातला धाकटा हेमो १९१५ साली गॅलिपोलीत मारला गेला. पुस्तकात ते कोणीच नाही. बगदाद नाही, मुंबई नाही, ज्यू बाप नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे कविता नाही. शेर्स्टन एक ओळही लिहीत नाही. तो फक्त घोड्यावर बसतो.

हे वजा करणं समजून घेतल्याशिवाय पुस्तक वाचता येत नाही असं माझं मत आहे. जिथं आपण जन्माने पूर्ण बसत नव्हतो त्या जगात, कागदावर का होईना, पूर्ण बसणारा माणूस त्याने तयार केला. तो बसतो कशाच्या जोरावर? घोडा, कपडे आणि गप्प राहण्याची सवय.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हापुन्हा काढतो. जॉर्ज लहान आहे, नुकताच शिकारीला जाऊ लागलाय. रानाच्या कडेला तो आणि डेनिस मिल्डेन नावाचा, वयाने जरा मोठा, सगळं कसं करायचं ते जाणणारा मुलगा उभे आहेत. कोल्हा बाहेर पडतो. डेनिस आरोळी ठोकतो, म्हणजे कुत्र्यांना आणि शिकाऱ्यांना इशारा. आणि जॉर्जच्या तोंडून निघून जातं की असं ओरडू नकोस, ते पकडतील ना त्याला. बस. पुढच्या क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कोल्ह्यासाठी नाही हं, आपण काय बोलून बसलो यासाठी.

इथे एक भाषेची अडचण सांगतो. मराठीत ‘फॉक्स’ला आपण सरसकट कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे खरं तर ‘जॅकल’. ‘फॉक्स’ला आपल्याकडे खोकड हा चांगला शब्द आहे. पण ‘खोकडाची शिकार’ म्हटलं तर तुम्हाला ते इंग्लंड दिसणारच नाही. शिवाय भारतात आलेल्या साहेबांनी, उटकमंडला वगैरे, शिकारी कुत्र्यांचे कळप आणले आणि ते खऱ्या कोल्ह्यांच्याच मागे सोडले. म्हणून मी बिनदिक्कत कोल्हा म्हणतो. चालवून घ्या.

तर तो प्रसंग. बऱ्याच वाचकांना त्याचा एक सोयीचा अर्थ लागतो : मुलाच्या मनात करुणा होती, समाजाने ती दाबली, युद्धाने ती परत जागी केली. १९१७ साली ससूनने युद्ध लांबवलं जातंय म्हणून जाहीर निषेध केला, म्हणजे लहानपणी तोंडून निसटलेलं ते वाक्यच मोठ्याने म्हटलं. ऐकायला फार छान. मीही वर्गात बरीच वर्षं असंच शिकवलं.

पण पुस्तकं तसं म्हणत नाहीत. शेर्स्टनची पुढची दोन पुस्तकं आहेत, १९३० आणि १९३६ ची. तिसऱ्यात, निषेध करून झाल्यावर, रुग्णालयातून सुटल्यावर हा माणूस आयर्लंडमध्ये काय करतो? पुन्हा घोड्यावर बसून कोल्ह्यामागे जातो आणि अगदी आनंदाने जातो. खुद्द ससूनही युद्धानंतर शिकारीला जात होता. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचलतात, तो प्रवास आपल्याला ओळखीचा आहे, आवडतोही. ससून तो देत नाही. त्याला माणसांची कीव आली. कोल्ह्याची आलीच असेल तर त्या एका क्षणापुरती, आणि त्याची त्याला लाज वाटली. हे आपल्याला आवडत नाही म्हणून नसलेलं पश्चात्तापाचं कलम त्याच्या नावावर लिहू नये. मी लिहिलं होतं, म्हणून सांगतोय.

मग पुस्तकात खरं काय आहे? माझ्या मते टॉम डिक्सन आहे. डिक्सन म्हणजे आंटीच्या घरचा मोतद्दार. शिकारीचं वेड जॉर्जला लावतो तो डिक्सन. घोडा कोणता घ्यायचा, बूट कसे हवेत, कुणाला कधी टोपी काढायची, सगळं डिक्सनला ठाऊक. मालकाने शिकाऱ्यांत उठून दिसावं ही खरी महत्त्वाकांक्षा नोकराची आहे. पुढे कॉकबर्ड नावाच्या घोड्यावर जॉर्ज शर्यतीत ‘कर्नल्स कप’ जिंकतो, तेव्हा तो विजय अर्धाअधिक डिक्सनचाच असतो. दोघांचं नातं प्रेमाचं आहे, पण दोघांमधलं अंतर एक बोटभरही कमी होत नाही. ससून हे अंतर दाखवतो, त्यावर भाष्य करत नाही. इथे तो मोठा लेखक आहे.

युद्ध सुरू होतं. शेर्स्टन घोड्यासकट घोडदळात साधा शिपाई म्हणून भरती होतो, नंतर पायदळात अधिकारी होतो. डिक्सन लष्कराच्या पशुवैद्यकीय पथकात जातो आणि फ्रान्समध्ये न्यूमोनियाने मरतो. गोळी नाही, तोफ नाही, न्यूमोनिया. बातमी थोडक्यात येते. मित्र स्टीफन कोलवूड जातो, डिक टिल्टवूड जातो, आणि १९१६ च्या ईस्टरला शेर्स्टन खंदकात उभा असतो, तिथे पुस्तक थांबतं. शिकारीला शेकडो पानं दिली आणि युद्धाला शेवटची थोडी, ही तक्रार मला पटत नाही. जे गेलं ते किती होतं हे आधी मोजून दाखवलंय, म्हणून शेवट लागतो.

माझी तक्रार वेगळी आहे. हे पुस्तक घोड्याच्या पाठीवरून लिहिलेलं आहे. तिथून कुंपणं दिसतात, आभाळ दिसतं, केंटच्या हिवाळी सकाळी दिसतात, आणि त्या तर काय सुंदर आहेत. पण ही शिकार निम्मी जमिनीखाली चालते. आदल्या रात्री एक माणूस कंदील घेऊन फिरतो आणि कोल्हे चरायला बाहेर असताना त्यांची बिळं बुजवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोल्ह्याला घरात शिरता येत नाही आणि साहेब लोकांना पळायला मैलच्या मैल मिळतात. तरीही कोल्हा कुठल्या बिळात शिरलाच, तर टेरियर सोडतात. नावच बघा, लॅटिन ‘टेरा’ म्हणजे माती. छोटं कुत्रं. छाती इतकी बारीक हवी की खांद्यांमागे दोन्ही हातांच्या पकडीत मावली पाहिजे, तरच ते कोल्ह्यामागे आत जाऊ शकतं. त्याने आत कोल्ह्याला तोंड देऊन भुंकत राहायचं, वरच्यांनी जमिनीला कान लावून ऐकायचं आणि खणायचं. कधी कुत्रं अडकतं, कधी ओरबाडून निघतं. तासन्‌तास फावडं चालतं, आणि तोवर घोडेस्वार दुसऱ्या रानाकडे गेलेलेही असतात.

हा फावडेवाला ससूनच्या पुस्तकात पात्र म्हणून उभा राहत नाही. डिक्सनला चेहरा मिळाला कारण तो घोड्याजवळ होता. डेव्हनच्या जॉन रसेल पाद्रीचं नाव एका जातीला चिकटून जगभर गेलं. पहिली कुत्री त्याने विद्यार्थी असताना एका दूधवाल्याकडून घेतली असं सांगतात, आणि त्या दूधवाल्याचं नाव कुणी विचारत नाही. उत्तरेत लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत तर घोडा चालतच नाही. तिथे मेंढपाळ आणि शेतकरी पायीच जातात, लेकलँड नि बॉर्डर टेरियर घेऊन, आणि कारण कोकरं असतं, कप नाही. फॉक्स-हंटिंग म्हणजे लाल कोट (ज्याला ते लोक ‘पिंक’ म्हणतात, का ते सोडा) हे चित्र ज्या पुस्तकांनी पक्कं केलं त्यात हे आघाडीवर.

तुम्ही म्हणाल, जे पुस्तकात नाही त्याबद्दल काय बोलायचं? बोलायचं, कारण ते चित्र पुढे कायद्यापर्यंत पोचतं. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ चा शिकार-कायदा झाला, १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू. कळपाने कोल्ह्याचा पाठलाग बंद. पण जमिनीखाली एक कुत्रा सोडायला सूट ठेवली. कशासाठी? बंदुकीने टिपण्यासाठी जपलेल्या पक्ष्यांचं कोल्ह्यापासून रक्षण करायला. कोकरांसाठी ही जमिनीखालची सूट नाही. म्हणजे हौसेने फेजंट मारणाऱ्याचा पक्षी सांभाळला, मेंढपाळाचं कोकरू राहिलं. कोल्ह्याचा छळ थांबावा या बाजूने मी स्वतः आहे, बिळातल्या झुंजीचं समर्थन मला जमणार नाही. पण वाद चालला तो लाल कोटाशी, आणि फावडेवाल्याकडे कुणी नीट पाहिलं नाही, ना बाजूने ना विरोधात. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला बंदी आली आणि २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम केली, त्या मधल्या नऊ वर्षांत आपल्याकडेही घाटात गाडा हाकणाऱ्या माणसाबद्दल किती आणि घोषणांबद्दल किती बोललं गेलं, आठवून बघा.

प्रश्नांत कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे : ‘मग हे पुस्तक वाचावं का?’ वाचा हो! पण डिक्सनची पानं सावकाश वाचा. आणि जॉर्ज लाजून गप्प बसतो त्या पानावर कोल्ह्याचं पुढे काय झालं तेही बघा, कारण पहिल्या वाचनात माझं सगळं लक्ष त्या मुलाच्या लाल झालेल्या कानांकडे होतं.