एका डॅडीची निवृत्ती

गाण्यातलं मला कळतं, असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे. तो मीच पसरवलेला असल्यामुळे निस्तरण्याची पाळीही अधूनमधून माझ्यावरच येते. खरी हकीगत एवढीच की, लहानपणी मी अडीच वर्षं तबला शिकलो. त्यातली दोन वर्षं चुंबळीवर डग्गा नीट बसवण्यात गेली. उरलेल्या सहा महिन्यांत केरव्यापर्यंत पोचलो आणि तिथेच बिऱ्हाड केलं. पण तेवढ्या भांडवलावर मी आजवर कितीतरी मैफलींत मान हलवली आहे, आणि चुकीच्या जागी हलली तर मान अवघडल्याचं सोंगही केलं आहे.

त्यामुळे नातवाच्या खोलीतून रोज संध्याकाळी भिंत फोडून येणारं ते ‘धुम् तक् धुम् तक्’ ऐकून, हे गाणं नसून पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटला आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात ते तज्ज्ञाचं मत म्हणून मान्य झालं. अमान्य केलं ते फक्त नातवाने. “आबा, न ऐकता नावं ठेवू नका. आधी ऐका तर!” असं म्हणून त्याने स्वतःच्या कानातली ती दोन बोंडं काढून माझ्या कानांत खोचली. हेच वाक्य पन्नास वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं. तेव्हा माझ्या हातात राहुलदेव बर्मनची रेकॉर्ड होती. वडिलांनी ती ऐकली नाही. म्हटलं, वडिलांपेक्षा निदान या एका बाबतीत तरी पुढे जाऊ.

अशा रीतीने उतारवयात माझी डॅडी यांकी या गृहस्थांशी गाठ पडली.

मिसरूड फुटायच्या वयात स्वतःला ‘डॅडी’ म्हणवून घेणाऱ्या मुलाबद्दल माझं मत आधी बरं नव्हतं. पण चौकशी केल्यावर कळलं की त्यांच्या गल्लीच्या बोलीत या नावाचा अर्थ ‘जबरदस्त माणूस’ असा होतो. खरं नाव रामोन आयाला. गाव सान हुआन, बेट पोर्तो रिको. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातलं. १९१७ पासून तिथली माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत मात्र देता येत नाही. म्हणजे सुनेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, फक्त त्यात कपाटाची किल्ली नाही! सरकारी चाळींच्या वस्तीत हा मुलगा वाढला. बाप साल्साच्या ताफ्यात बोंगो वाजवणारा. मुलाला मात्र बेसबॉल खेळायचा होता, आणि अमेरिकेतल्या मोठ्या संघात जायची आशाही होती. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना जरा पाय मोकळे करायला म्हणून तो बाहेर आला आणि कुणाच्या तरी भांडणातली गोळी याच्या पायाच्या वरच्या भागात घुसली. दीड-एक वर्ष अंथरुणात काढलं. बेसबॉल संपला. गोळी अंगातच राहिली. त्या गोळीमुळेच मी गाण्याकडे वळलो, असं तो सांगत आला आहे. आमच्या पिढीत गाण्याकडे वळायला एवढं मोठं कारण लागत नसे. मॅट्रिकला गणितात नापास झालं की पुरे होई.

आता तालाचं बघू, कारण या संगीतात तालच यजमान आहे आणि बाकी सगळे पाहुणे. मी चिकाटीने मोजला. आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे आमचाच केरवा. पण ठोके पडतात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. तीन, तीन, दोन. खाली मोठा ढोल सरळ चालीने चाललेला, आणि वर हे तीन ठोके लंगडी घालताहेत. त्या सरळ आणि लंगड्याच्या मध्ये जी फट पडते ना, तिथे माणसाची कंबर सापडते. बाकी यात जादू काही नाही.

हा ताल पोर्तो रिकोचा मुळात नव्हेच. जमैकाच्या शाबा रँक्स नावाच्या गायकाचं ‘डेम बो’ हे गाणं १९९० च्या सुमाराचं. ‘ते वाकतात’ असा त्या नावाचा अर्थ. गोऱ्या साहेबापुढे वाकू नका, असा त्यात एक सूर आहे, आणि इतर काही लोकांबद्दलचे जे विचार आहेत ते आज ऐकवत नाहीत. पनामाचा कालवा खणायला जमैकाहून मजूर गेले होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जमैकाचं हे गाणंबजावणं स्पॅनिशमध्ये आणलं. तिथून ते न्यूयॉर्कला आणि मग पोर्तो रिकोला गेलं. वाटेत शब्द गळून पडले आणि ताल तेवढा उरला. वाकू नका म्हणणाऱ्या गाण्याचा ताल घेऊन अर्धं जग कमरेत वाकलं, याला काय म्हणावं?

त्या बेटावरच्या पांढरपेशा मंडळींनी पुढे जे केलं ते मात्र मला फार ओळखीचं वाटलं. हे गाणं गलिच्छ आहे, आमच्या संस्कृतीचं नाही, खालच्या वस्तीतलं आहे, अशी ओरड झाली. १९९५ साली पोलिसांनी सान हुआनमधल्या रेकॉर्डच्या दुकानांवर धाडी घालून कॅसेटी जप्त केल्या. २००२ साली सिनेटमध्ये या गाण्यांच्या अश्लीलतेवर सुनावण्या झाल्या. पुढाकार घेणाऱ्या सिनेटर बाई आधी विनोदी नटी होत्या, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आणि थोड्याच वर्षांत पुढारी प्रचारात त्याच तालावर डोलू लागले. लावणी आवडत नाही असं चारचौघांत सांगून मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसणारी माणसं आपणही पाहिली आहेत. एक-दोन तर माझ्या घरातलीच होती.

तर या गदारोळातून २००४ च्या जुलैत ‘बार्रिओ फिनो’ हा अल्बम आला. माझं मत विचाराल तर डॅडींनी इतर काही केलं नसतं तरी चाललं असतं. एकवीस तुकडे आहेत. त्यातले सात-आठ नुसते ‘मी राजा, मी वाघ, माझ्यापुढे कोण उभा राहतो’ या थाटाचे. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर असाच छाती पिटायचा, पण त्याच्यापुढे निदान दुसरा शाहीर उभा असे. इथे सगळा एकतर्फी सामना! नातू अर्थ सांगायला बसला होता. मधेच म्हणायचा, “आबा, पुढच्या चार ओळी सोडून देऊ.” मी का म्हणून विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तीन पिढ्यांच्या संसारात असा समजूतदारपणा लागतो.

पण याच अल्बमात ‘कोरासोनेस’ आहे, जिथे हा माणूस नाचायचं थांबून गंभीरपणे बोलायला लागतो. आणि ‘साबोर आ मेलाओ’ आहे. मेलाओ म्हणजे काकवी! पोर्तो रिको उसाचं बेट. त्या गाण्यात डॅडीने आंदी मोंतान्येस या साल्साच्या बुजुर्ग गवयाला बोलावून शेजारी बसवलं आहे. म्हाताऱ्याचा आवाज जाडसर गोड, खरोखर भाकरीवर काकवी ओतल्यासारखा पसरतो, आणि पोरगा त्यात टपटप शब्दांचे शेंगदाणे टाकत जातो. बोंगो वाजवणाऱ्या बापाचं ऋण त्याने तिथे फेडलं असावं, असं मला वाटलं. हे गाणं मी चारदा ऐकलं. चौथ्यांदा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे बरं आहे हो.” आमच्या घरात यापेक्षा वरचं पारितोषिक नाही.

आणि अर्थात ‘गासोलिना’. पेट्रोलचं गाणं. जगभर गाजलं ते हेच. त्यातल्या पेट्रोलचा अर्थ काय, यावर पंडितांनी डोकी खाजवली. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे त्याहून वाईट. डॅडींचा खुलासा असा की, गाडीतून हिंडायला आवडणाऱ्या मुलींचं गाणं आहे, पेट्रोल म्हणजे पेट्रोल. १९७३ साली पेट्रोलचे भाव भडकल्यावर ज्याने घेतलेली स्कूटर वर्षभर अंगणात धुऊन-पुसून ठेवली, त्याला यापेक्षा शृंगारिक गाणं कोणतं सापडणार?

पण एक गोष्ट खटकली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या गाण्यात खरी ठिणगी पडते ती बाईच्या आवाजाने. ती पेट्रोल मागते म्हणून गाणं धावतं, नाहीतर डॅडी एकटेच हॉर्न वाजवत बसले असते. ती ग्लोरी नावाची गायिका, आणि गाण्यावर तिचं नाव नाही. १९४९ साली ‘महल’च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांच्या जागी सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं, ते आठवलं. आवाज ज्याचा त्याचं नाव बाहेर आणि गाडी ज्याची त्याचं नाव पाटीवर, हा व्यवहार सातासमुद्रापारही तसाच चालतो म्हणायचा.

या यशानंतर व्हायचं तेच झालं. २००७ च्या ‘एल कार्तेल: द बिग बॉस’मध्ये एकॉन आले, फर्गीबाई आल्या, अमेरिकेतले नावाजलेले निर्माते आले. घरच्या आमटीत हॉटेलातली ग्रेव्ही ओतावी तसं झालं. वास मोठा, चव कुठलीच नाही. २०१० चा ‘मुंदियाल’ आणि २०१२ चा ‘प्रेस्टीज’ मी नातवाच्या भीडेखातर पुरते ऐकले. त्यातली काही गाणी नाचायला उत्तम आहेत, पण माझ्या गुडघ्यांचा त्या मुद्द्यावर अभ्यास नाही. त्यानंतर दहा वर्षं स्टुडिओत बसून केलेला पुरता अल्बमच नाही. एकेक सुटं गाणं मात्र येत राहिलं.

त्यातलंच एक लुईस फोन्सीबरोबरचं ‘देस्पासितो’, २०१७ सालचं. नाव ‘हळूहळू’, आणि पसरलं वणव्यासारखं. अमेरिकेच्या यादीत सोळा आठवडे पहिलं. मलेशियाच्या सरकारी रेडिओने त्यावर बंदी घातली, म्हणजे अर्थ कळणारा कुणीतरी तिथे होता. आमच्या सोसायटीत ते मुंजीत वाजलं, बारशात वाजलं. हे गाणं फोन्सीचं आहे, हे खरंच. पण मधे डॅडी येतात आणि गोड गोड प्रेमगीताला खाली जमीन मिळते. पाहुणा म्हणून आलेला माणूस पंक्ती सांभाळून गेला! यूट्यूबवर सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं हे गाणं २०२० च्या नोव्हेंबरात मागे पडलं, ते शार्क माशावरच्या एका बालगीतामुळे. डॅडी म्हणवून घेतल्यावर पोराबाळांपुढे हरण्याची तयारी ठेवावी लागते.

२०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि चारच दिवसांनी ‘लेजेंडॅडी’ हा निरोपाचा अल्बम आला. एकोणीस गाणी. बॅड बनी, पिटबुल, बेकी जी, जो तो येऊन दोन शब्द बोलतो. मला माझा बँकेतला निरोप समारंभ आठवला. शाल, नारळ, आणि ज्याला आता वेळ बघायचं कारण उरलं नाही त्याला भिंतीवरचं घड्याळ. समारंभ म्हणून ठीक. अल्बम म्हणून ‘बार्रिओ फिनो’च्या पासंगालाही पुरत नाही. मग ३ डिसेंबर २०२३ ला सान हुआनमधल्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं की, यापुढचं आयुष्य येशूचं. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘गासोलिना’ जतन करायच्या रेकॉर्डिंगांत घातलं. बापाने घर सोडलं आणि त्याच वर्षी सरकारने पोरीला दत्तक घेतलं.

मला इथे आमच्या गावचा एक ढोलकीवाला आठवतो. तमाशात हयात घातलेला. साठीला आल्यावर त्याने पंढरीची माळ घातली. ढोलकी पुतण्याला दिली आणि देवळात भजनाला पखवाज धरला. लावणीचं नाव काढलं की उठून जायचा. पण अभंग द्रुत लयीला आला, टाळ चढले, की त्याचा डावा हात घसरायचा. पखवाजातून ढोलकीचा घुमारा निघायचा. अख्ख्या मंडपाला कळायचं. बायका पदराआड हसायच्या. तो मात्र मान खाली घालून तसाच वाजवत राहायचा, डोळे घट्ट मिटून. लहानपणी मला वाटायचं, तो चुकला म्हणून लाजतो. आता तशी खात्री वाटत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात डॅडींचा नवा अल्बम आला. नाव आता आखूड, नुसतं ‘डीवाय’. अल्बमचं नाव ‘लामेंतो एन बाइले’, म्हणजे शोकाचा नाच झाला, असं काहीसं. ते बायबलातल्या स्तोत्रावरून घेतलेलं आहे. गाणी देवाची. नातवाला यात रस नव्हता, तेव्हा बोंडं मी एकट्यानेच कानांत घातली आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसलो. शब्द भक्तीचे असावेत, स्पॅनिश मला कुठे कळतंय! पण जरा पुढे गेल्यावर खालून ते ठोके आले. तीन, तीन, दोन.

“आबा,” नातू दारातून म्हणाला, “पाय हलतोय तुमचा.”

“मुंग्या आल्यात,” मी म्हटलं.