शार्क म्हणून पाळला, बासा म्हणून खाल्ला

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात टाकीवर चिकटवलेलं नाव हाही एक मजकूर असतो. दोन-तीन शब्दांचा, लेखकाचं नाव नसलेला. कथा-कवितेला लावतो तेच प्रश्न त्याला लावून पाहू: हे कोण बोलतंय, कोणासाठी, आणि काय गाळलंय?

'इरिडेसंट शार्क' घ्या. चंदेरी अंग, पाठीवर तिकोनी पर, बोटभर लांबी. पण हा शार्क नव्हेच. हा गोड्या पाण्यातला, मिशा असलेला, मागुराच्या गणातला मासा. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला. शास्त्रीय नाव पँगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस. पूर्ण वाढला तर १३० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन फुटी टाकीच्या दुप्पट. 'सिल्व्हर शार्क' म्हणून विकला जाणारा बाला शार्क तर रोहू-कटल्याच्या कुळातला. तोही फूटभराहून मोठा होतो.

आता गंमत पाहा. हाच इरिडेसंट शार्क हॉटेलात आपल्या ताटात 'बासा' म्हणून येतो. तेही नाव उसनंच, कारण खरा बासा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, पँगासियस बोकोर्टी. अमेरिकेत आणखी वेगळं घडलं. व्हिएतनामहून हा स्वस्त मासा येऊ लागल्यावर तिथले कॅटफिश पाळणारे शेतकरी अस्वस्थ झाले आणि २००२च्या शेतीविषयक कायद्याने 'कॅटफिश' हे नाव फक्त उत्तर अमेरिकेतल्या एका कुळासाठी राखून ठेवलं. जीवशास्त्राच्या हिशेबाने हा मासा कॅटफिशच आहे. म्हणजे जे आहे ते म्हणायला बंदी, जे नाही ते म्हणायला मोकळीक. दोन्हीकडे नाव ठरवलं ते बाजाराने.

यावर कोणी म्हणेल, बोलीतली नावं अशीच असतात, त्यात एवढं काय? 'बॉम्बे डक' कुठे बदक असतं? मुद्दा बरोबर आहे. पण बॉम्बे डक म्हटल्याने बोंबलाचं काही बिघडत नाही. तो तोवर वाळून दोरीवर लटकलेला असतो. टाकीवरचं नाव मात्र जिवंत माशाचं पुढचं आयुष्य ठरवतं. शिवाय आपल्या कोळ्यांकडे खऱ्या शार्कसाठी मुशी, मोरी असे शब्द आहेत. ते पिढ्यान्‌पिढ्या मासा हाताळून आलेत. दुकानातलं 'शार्क' हे पिल्लू बघून, विक्रीच्या आधी आलेलं नाव आहे.

सगळ्यात महाग पडलेलं नाव 'टँक क्लीनर'. मी कोड लिहितो. आमच्याकडे फंक्शनला 'क्लीनअप' नाव देऊन आत कचरा वाढवणारा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्ये अडकतो. दक्षिण अमेरिकेतला हा सकरमासा काचेवरचं शेवाळ खातो हे खरं, पण इतर माशांची विष्ठा तो साफ करत नाही, उलट स्वतःची भरपूर भर घालतो. वाढून टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला तळ्यात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांमध्ये तो आता पक्का वस्तीला आहे. आंध्रमधले मच्छीमार त्याला 'सैतान मासा' म्हणतात, कारण त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. त्यांनी मासा पूर्ण वाढलेला पाहिलाय, आणि ते नावातही दिसतं.

शास्त्रीय नावं फार निष्पाप असतात असंही नाही. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांमधला, लाल पट्ट्याचा एक सुंदर मासा जगभर 'मिस केरला' म्हणून विकला जातो. १८६५ मध्ये त्याला मद्रासच्या ब्रिटिश गव्हर्नराचं, डेनिसनचं नाव मिळालं आणि ते अजून चिकटून आहे. पण २०१३ मध्ये त्याची प्रजाती वेगळी काढून तिला 'सह्याद्रिया' म्हटलं गेलं. सह्याद्रिया डेनिसोनी. निदान त्यात घरचा पत्ता आहे. 'मिस केरला'मध्येही राज्य आहे म्हणा, पण तिथे मासा मंचावर उभा आहे, ओढ्यात नाही. आणि तो निसर्गात धोक्यात आलाय हे त्या मुकुटाखाली झाकलं जातं.

दुकानदाराने लॅटिन पाठ करावं असं माझं म्हणणं नाही. 'शार्क' राहू द्या. त्याच्या खाली, किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत, एक आकडा लिहा: पूर्ण वाढ १३० सेंटिमीटर. मग ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा.