ओवीचा चौथा चरण

आमच्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बारीक टाइप त्यांना वाचवत नाही. गोंदिया जिल्ह्यात रोवणीची कामे जोरात चालू असता ते हातात मोबाइल घेऊन आले व म्हणाले, "फादर, ओवी दिसते, पण ऐकू येत नाही." ही तक्रार आम्हांस साहित्यसमीक्षेचीच वाटली.

प्रकरण ‘ख्रिस्तपुराणा’चे होते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या या ग्रंथाच्या त्यांच्यापाशी दोन प्रती. एक जुन्या छापील पानांची छायाचित्रे असलेली. तीत अक्षर मोठे करावे तर पान पडद्याबाहेर जाते आणि ते डावी-उजवीकडे सरकवताना वाचकाची जागा चुकते. दुसरी, काही अवस्वरू मुलांनी टाइप करून दिलेले. तीत अक्षर हवे तेवढे वाढते; परंतु पडदा संपेल तेथे ओळ मोडते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. त्या आखूडपणातच थांबण्याची सूचना असते. येथे यमक ओळीच्या मधोमध बुडाले होते आणि चौथा चरण मोडक्या तिसऱ्याचे शेपूट होऊन बसला होता.

हा पेच नवा नाही. १६०८ च्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा वरिष्ठांना कळविली होती. अडचण अशी की रोमन लिपीला २४ साचे पुरत, येथील लिपीला सुमारे ६०० लागत. अखेर १६१६ साली राचोल येथे पुराण रोमन लिपीतच छापले गेले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ साली! आता ते सारे साचे खिशात मावतात, आणि आपण चरण मोडतो.

अक्षराचा आकार, समास, ओळींतील अंतर वाचकाच्या मर्जीवर सोडावे, हे गद्यापुरते आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. कादंबरीचे पान कोठे संपते याला फारसे महत्त्व नाही. पद्यात मात्र ओळ ही कवीची मालमत्ता आहे. प्रत्येक चरण नव्या ओळीवर सुरू व्हावा. उरलेला भाग खाली आत सरकवून घ्यावा, म्हणजे तो नवा चरण भासत नाही. ओवी दोन पडद्यांत विभागू नये. दोन्ही कडा सरळ करण्याचा हव्यासही सोडावा. शब्द तोडण्याची सोय नसली की लांब मराठी शब्दांमधून खिंडारे पडतात. (प्रार्थनाविधीच्या पुस्तकातील तांबड्या सूचना कृष्णधवल पडद्यावर प्रार्थनेत मिसळून जातात, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

गुरुजींसाठी मुलांनी त्या अवस्वरूंची याप्रमाणे फेरमांडणी केली. मोबाइल आडवा धरला की त्यांच्या अक्षरात एका पडद्यावर एकच ओवी मावते. परवा त्यांनी आम्हांस मोठ्याने वाचून दाखविले. चौथ्या चरणावर ते नेमके थांबले. आता त्यांची तक्रार एवढीच, की सुमारे ११,००० ओव्यांसाठी तितक्याच वेळा बोट फिरवावे लागेल.