मोजलेले मासे

२०२१ च्या ऑगस्टात, पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर, दांडीपासून जवळच असलेल्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे लाभले. त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. बातम्यांचा सूर एकच : नशीब उजळले! आम्हांस मात्र योहानकृत शुभवर्तमानातील १५३ माशांची कथा (२१ : १-१४) अधिक प्रामाणिक वाटते. ती रात्रभराच्या रिकाम्या जाळ्यापासून सुरू होते. त्या निष्फळ रात्रीला योहान आळस म्हणत नाही; पहाटेच्या लाभाला पेत्राचे कर्तृत्वही म्हणत नाही. जाळे टाकणे शिष्यांचे, मासळी प्रभूची. बातमी रकमेवर थांबते, शुभवर्तमान न्याहारीच्या आमंत्रणाकडे वळते. रिकाम्या बोटीने परतलेल्या दांडीच्या खलाशाला कमनशिबी वा कामचुकार ठरवण्यापूर्वी आपण ही कथा पुन्हा वाचावी.